तबकडीवाल्यांचा वैताग

रेकॉर्ड जमवणारा माणूस एरवी शांत असतो. पण पाहुण्यानं तबकडी मधोमध बोटं टेकवून उचलली आणि "अजून वाजते का हो ही?" असं विचारलं, की त्याचा पारा चढलाच! बोटांचं तेल खाचांत बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि मग गाण्याआधी खरखरच ऐकू येते.

धुळीच्या बाबतीत बेंगळुरूचं बेळ्ळंदूर उदार आहे. आउटर रिंग रोडची रहदारी, जिकडेतिकडे बांधकामं. सकाळी पुसलेल्या झाकणावर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं! नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी घरांत सामानाबरोबर कधीकधी आजोबांचा तबकड्यांचा खोकाही येतो. त्यात बालगंधर्व असतात, हिराबाई बडोदेकर असतात. मग कुणीतरी हौसेनं साफसफाईला बसतं आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवतं.

इथेच घात होतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश तसंच तर तयार होतं! बोळा फिरला की खाचा पुसट होतात आणि गेलेला आवाज परत येत नाही. त्यापेक्षा किंचित ओलसर मऊ फडकं खाचांच्या दिशेनं फिरवावं, मधला कागद कोरडा ठेवावा, तबकडी सावलीत वाळवावी. उन्हात मात्र कधीच नको, ती वाकते.

दुसरा वैताग सुईचा. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते, आवाज क्षीण येतो आणि घरात निकाल लागतो, "खराब झाली, देऊन टाका." रद्दीवाल्याकडे गेलेल्या कितीतरी तबकड्या अशा धडधाकट असतील. उलटही घडतं. चावीच्या ग्रामोफोनवर कुणी हौसेनं एलपी लावतं आणि पोलादी सुई ती एकाच फेरीत कायमची ओरबाडते.

काही गाणी फक्त अशा तबकड्यांवरच उरली आहेत, म्हणून हा वैताग नुसता लहरीपणा नव्हे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. तिचं सचिवपद सांभाळणारे सुरेश चांदवणकर व्यवसायानं भौतिकशास्त्रज्ञ. संग्राहकांनी आपापल्या कपाटातलं एकमेकांना ऐकवावं, माहिती टिपून ठेवावी, हे काम या मंडळींनी केलं.

उसनवारीचं दुखणं मात्र कुठल्याही संस्थेला बरं करता आलेलं नाही. गीतरामायणाच्या संचातली एकच तबकडी कुणीतरी "दोन दिवसांत देतो" म्हणून नेतो. तिचं रिकामं पाकीट कपाटात तसंच उभं असतं.