बार्शी लाइटचे जोडदांडे

‘निवृत्तीनंतर वेळ कसा जातो?’ या प्रश्नाला गेली काही वर्षे माझे एकच उत्तर आहे : रंग वाळण्याची वाट पाहण्यात. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. नातवाने मला तिथे नेले आणि परतताना गाडीतच माझा निश्चय झाला, की आपण बार्शी लाइटचे इंजिन करायचे.

आमच्या पिढीच्या लातूरकरांना बार्शी लाइटची ओळख करून द्यावी लागत नाही. पण तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डूवाडी, ते बार्शी अशी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला आली, तर १९२७ मध्ये दुसरे टोक मिरजेला पोहोचले. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डूवाडी मार्ग रुंद झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते याच जुन्या दोन टोकांमधून. असो.

तिची पहिली इंजिने लीड्सच्या किट्सन कारखान्यातली. आठ मोठी चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, मागे चार लहान चाके. मी प्रमाण घेतले एकास अठ्ठेचाळीस. ७६२ मिलिमीटरला ४८ ने भागले की सुमारे १५.९ येतात आणि प्रतिकृतीवाल्यांकडे सर्वांत सहज मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरच्या या तफावतीकडे, बँकेत असतो तर, मी कधीच डोळेझाक केली नसती.

इंजिन करायचे होते ते आमच्या थोरल्या बंधूंसाठी. दादा ८२ वर्षांचे. लहानपणी वडिलांबरोबर आडतीच्या कामासाठी ते याच गाडीने बार्शीला जात. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. खिडकीशी बसले असता एखादी वस्तू चमकली तर तेवढीच कळते. ते म्हणाले, “अरे, बाकी काही चुकले तरी चालेल, दांडे मात्र चकचकीत कर. फलाटावरून आम्हाला तेवढेच दिसायचे, वर-खाली जाणारे.” जोडदांडे उघड्या पोलादाचेच असतात, त्यांना रंग नसतो, तेव्हा त्यांची मागणी शास्त्राला धरूनच होती. अडचण एवढीच, की दादा हे इंजिन बोटांनी पाहणार होते. म्हणजे चकाकी हवी आणि ती रोजचा हात सोसणारीही हवी.

प्लॅस्टिकला धातूचे रूप देणाऱ्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. आरशासारख्या चकाकीच्या रंगात हे पापुद्रे अगदी वरच्या बाजूला, छपरावरच्या कौलांसारखे सपाट पडून राहतात. खाली चकचकीत काळे अस्तर असेल तर चकाकी आणखी खुलते. मी तसेच केले. दांडे असे उतरले, की नातू त्यात स्वतःचा चेहरा शोधू लागला. मात्र अंगठा लावताच चंदेरी भुकटी बोटावर आली. हाताचा घाम आणि तेलकटपणा असल्या रंगाला सोसत नाही. वरून पारदर्शक लेप देणे भाग होते.

इथे मी घाई केली. मोटारींच्या रंगाच्या एका दुकानातून क्लिअर लॅकरचा फवारा आणला आणि श्रावणातल्या एका दमट संध्याकाळी गच्चीवर सढळ हाताने मारला. दहा मिनिटांत आरशाची राख झाली. लॅकरमधल्या तीव्र थिनरने खालचा रंग मऊ केला, सपाट पडलेले पापुद्रे तिरके झाले आणि उजेड एका दिशेने परतण्याऐवजी चहूकडे विखुरला. त्यात थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि लेप पांढुरका पडतो. पावसाळ्यात फर्निचरला लॅकर मारू नये, हे कोणताही रंगारी सांगतो. मी कोणाला विचारलेच नव्हते. पाच महिन्यांचे काम एका संध्याकाळी गेले आणि दादांना फोनवर ‘अजून वाळते आहे’ असे सांगावे लागले. ते खोटे होते.

मग मोटारीवर हाच लेप कसा टिकतो? तिथे पापुद्रे वर तरंगत नाहीत, ते रंगाच्या थरात बुडालेले असतात. तो रंग वरून लेप घेण्यासाठीच केलेला असतो. ज्याची चकाकी सर्वांत वरच्या पृष्ठावर उभी आहे, त्यावर कोणताही लेप दिला तरी थोडे तेज जाणारच, कारण उजेडाला आधी लेपातून यावे-जावे लागते. विम्याचा हप्ता भरल्याशिवाय संरक्षण मिळत नाही. इथे हप्ता चकाकीत भरायचा.

एका जुन्या पॉलिशवाल्याने उपाय सुचवला : चपडा लावा. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, खालच्या रंगाला सहसा धक्का लावत नाही. सल्ला तांत्रिकदृष्ट्या चांगला होता. पण चपडा म्हणजे लाखेच्या कीटकांचा स्राव, आणि तो खरवडताना असंख्य जीव जातात. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याचे नाव का आहे, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे? दादांच्या हाती द्यायच्या वस्तूवर तो नको होता. मी त्यांचे आभार मानून परतलो.

नंतर मात्र खतावणी उघडली. लग्नकार्यात वापरतात तसले प्लॅस्टिकचे बारा चमचे घेतले, प्रत्येकाच्या दांडीवर क्रमांक घातला आणि वहीत रंग, लेप, तारीख लिहीत गेलो. मॅट लेपाने धातूचा नुसता राखाडी रंग केला, कारण त्यात तेज मारणारी सिलिकाची बारीक पूड असते. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक ग्लॉस एकाच जाड हाताने दिला तेव्हा ओघळला. तोच एअरब्रशने तीन विरळ हातांत, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबून दिला, तेव्हा टिकला. सातव्या चमच्यावर मी आरशाचा मोह सोडला आणि पापुद्रे थरात बुडालेला साधा पोलादी रंग घेतला. आठवडाभर वाळू दिला, मग वरचे तीन हात. चेहरा दिसेना, पण पोलाद दिसू लागले. पंधरा दिवस रोज शंभर वेळा अंगठा घासला. बोटावर काही आले नाही.

दिवाळीनंतर कोरड्या हवेत सर्व दांडे खरवडून नव्याने केले.

दादांनी इंजिन खिडकीच्या उजेडात धरले, थोडे हलवले. मग बोटे दांड्यावरून पुढे नेली आणि चाकावर थांबवली. म्हणाले, “दांडा खाली आहे. म्हणजे गाडी उभी आहे. कुठे, ढोकीला?” मी म्हणालो, “दादा, तुम्ही म्हणाल तिथे.” त्यांनी बोटानेच चाक अर्धे फिरवले.

आता आठ महिने झाले. उजव्या बाजूच्या पुढच्या दांड्यावर, जिथे त्यांचा अंगठा टेकतो, तिथला लेप किंचित मंद झाला आहे. खालचा पोलादी रंग शाबूत आहे. पाऊस उघडला, की तेवढ्या जागेला एक विरळ हात द्यायचा आहे. सातवा चमचा जपून ठेवला आहे.