मुख्याध्यापकांची खुर्ची

कोणत्याही जुन्या शाळेच्या कार्यालयात गेलात, तर मुख्याध्यापकांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक लाकडी फळा हमखास दिसतो. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत ओळीने नावे आणि प्रत्येक नावापुढे दोन तारखा, कधीपासून आणि कधीपर्यंत. बँकेत उभी हयात खतावण्या चाळण्यात गेल्यामुळे असेल, पण हा फळा मी खातेउताऱ्यासारखा वाचतो. कोण किती वर्षे बसले, खंड कुठे पडला, एखादे नाव सात महिन्यांतच का आटोपले, हे सारे त्या दोन तारखांत दडलेले असते. संस्थापकांचा अर्धपुतळा दारातच असतो आणि जयंतीला त्याला हार पडतो. फळ्यावरच्या नावांच्या वाट्याला फार तर दिवाळीच्या सुट्टीतली झाडझूड येते.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे उदाहरण घ्या. १८८० च्या जानेवारीत मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात ही शाळा सुरू झाली. शाळा कोणी काढली, असे कोणत्याही मराठी घरात विचारा. चिपळूणकर, टिळक, आगरकर ही नावे शेंडेफळसुद्धा सांगेल. जरा वाचणारा असेल तर माधवराव नामजोशींचेही नाव घेईल. पण शाळा चालवली कोणी? वेळापत्रक कोणी लावले, गैरहजर मास्तराच्या वर्गावर कोण उभे राहिले, सरकारी पाहुण्यांपुढे शाळेची बाजू कोणी मांडली? त्याचे उत्तर वामन शिवराम आपटे असे आहे, आणि हे नाव आज लोकांना ठाऊक आहे ते संस्कृतच्या कोशामुळे. आपटे या शाळेचे सुपरिंटेंडंट, म्हणजे आजच्या भाषेत मुख्याध्यापक होते, हे त्यांचा कोश रोज उघडणाऱ्यांपैकीही अनेकांच्या गावी नसते.

आपटे मूळचे सावंतवाडीकडचे, १८५८ चा जन्म. लहानपणीच वडील गेले, पुढे आईही गेली. कोल्हापूरला ज्या हायस्कुलात ते शिकले, तिथे महादेव मोरेश्वर कुंटे हेडमास्तर होते. 'राजा शिवाजी' हे काव्य लिहिणारे हेच ते कुंटे. त्यांची नजर या पोरक्या मुलावर पडली आणि त्यांनी त्याला हात दिला. मुलगा मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून डेक्कन कॉलेजात गेला आणि एम.ए. होऊन बाहेर पडला. सरकारी शिक्षणखात्यात त्याला चांगली जागा सहज मिळाली असती. कुंटे स्वतः सरकारी नोकरीतले हेडमास्तर होते आणि त्यांचा हा शिष्य सरकारी नोकरीकडे पाठ फिरवणाऱ्यांच्या शाळेत आला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

शाळेमागची कल्पना विष्णुशास्त्र्यांची. 'निबंधमाला' १८७४ पासून चालू होती. सरकारी हायस्कुलातल्या नोकरीत त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली आणि १८७९ साली त्यांनी राजीनामा दिला. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर माणसाच्या मनात काय काय येते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको. बहुतेक जण बिऱ्हाड बांधतात. शास्त्रीबुवांनी शाळा काढली. टिळक आणि आगरकर हे डेक्कन कॉलेजातले स्नेही, दोघेही १८५६ च्या जुलैतले, त्यांना येऊन मिळाले. टिळक आरंभीच आले, आगरकर एम.ए. आटोपून पुढच्या वर्षी. पहिल्याच वर्षाच्या अखेरीस मुलांची संख्या तीनशेच्या वर गेली.

पण शाळेची खरी परीक्षा झाली १८८२ साली. मार्चमध्ये विष्णुशास्त्री वारले, वयाची बत्तिशीही पुरी झाली नव्हती. जुलैमध्ये कोल्हापूर दरबारच्या बर्वे प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघे एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. एखाद्या पेढीचा एक भागीदार निवर्तावा आणि दोन भागीदार एकाच दिवशी गजाआड जावेत, अशी ही अवस्था. अशा पेढीला मी कर्ज मंजूर केले नसते. ठेवीदारांनी सकाळपासून रांग लावली असती. शाळेचे ठेवीदार म्हणजे पालक, आणि त्यांची ठेव म्हणजे मुले. ती ठेव त्यांनी काढून घेतली नाही. सुपरिंटेंडंटच्या खुर्चीवर आपटे होते आणि त्यांचे वय तेव्हा चोवीस वर्षांचे होते!

त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोग फिरत होता. आपट्यांनी शाळेच्या वतीने त्याच्यापुढे साक्ष दिली. हंटरसाहेबांनी शाळा पाहिली आणि साऱ्या हिंदुस्थानात या तोडीची संस्था आपण पाहिली नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. हा अभिप्राय आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. मात्र त्याच आयोगापुढे त्याच वर्षी त्याच पुण्यातून जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिले होते. शेतकऱ्याच्या घामातून सारा गोळा होतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, त्याऐवजी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यू इंग्लिश स्कूलच्या बाकांवर कोणाची मुले होती, हा प्रश्न त्या निवेदनात न विचारताही विचारलेला आहे. मुलीही तिथे नव्हत्या. त्यांच्यासाठी पुण्यात हुजूरपागा निघाली ती १८८४ साली, आणि तिच्या अभ्यासक्रमावर 'केसरी'नेच टीकेची झोड उठवली. शाळेची थोरवी सांगताना ही बाजू गाळणे म्हणजे नावेची बाजू लपवून नुसती जमेची दाखवणे. असा ताळेबंद कोणताही लेखापरीक्षक परत पाठवील.

१८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. ज्यांचे नाव कॉलेजला दिले त्या गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांची देणगी बाराशे रुपयांची होती. कॉलेजचे पहिले प्राचार्य पुन्हा आपटेच. १८८५ मध्येच गोपाळ कृष्ण गोखले शाळेत शिक्षक म्हणून आले, तेव्हा ते विशीच्याही आत होते. पुढे त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. आमच्या घरी आजोबांची एक प्रत होती आणि त्यातल्या व्याजाच्या उदाहरणांनीच मला बँकेच्या वाटेला लावले असावे. असो.

आजीव सदस्यांनी वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांत भागवायचे, अशी व्यवस्था ठरली. टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले, तो वाद लोक सामाजिक सुधारणेचा म्हणून ओळखतात. तो होताच, पण त्याच्या पोटात आणखी एक वाद होता आणि तो पगाराचा होता. आजीव सदस्याने सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामे आणि बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह. घरखर्च वाढतो, मुलेबाळे होतात, तेव्हा माणसाला थोडी मोकळीक हवी, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले आणि वाद विकोपाला गेला. माझ्या पिढीला शाळेत टिळकांची बाजू शिकवली गेली, पण पगारपत्रके वर्षानुवर्षे हाताळल्यावर मी आता आगरकरांच्या बाजूला झुकतो. त्याग एका माणसाने स्वतःपुरता करावा हे ठीक. संस्थेच्या घटनेत तो सर्वांसाठी कायमचा लिहून ठेवला, की पुढच्या पिढीतले चांगले लोक फिरकेनासे होतात.

त्या पंचाहत्तर रुपयांत आपट्यांनी काय काय केले पाहा. 'स्टुडंट्स गाइड टु संस्कृत कॉम्पोझिशन' १८८१ चे, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या वर्षातले. इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ चा. हजारावर पानांचा मोठा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा, जेव्हा संस्थेत भांडणे पेटली होती. १८९२ च्या ऑगस्टात ते गेले, वय चौतीस. त्यांच्या मागून आगरकर प्राचार्य झाले. दम्याने पोखरलेले, 'सुधारक' चालवणारे आगरकर त्या खुर्चीवर जेमतेम तीन वर्षे राहिले आणि १८९५ च्या जूनमध्ये वारले, तेव्हा त्यांचीही चाळिशी झाली नव्हती. पुढे गोळे आले, मग १९०२ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ परांजपे आले. पण ही सारी कॉलेजची वंशावळ. कॉलेज निघाले आणि शाळेचे मोठे मास्तर तिकडे गेले. इतिहासकारांचे लक्षही त्यांच्याबरोबर गेले. शाळा राहिली, वाढली, आजही आहे. तिच्या फळ्यावरच्या पुढच्या हेडमास्तरांवर कोणी चरित्रे लिहिली नाहीत.

हीच गत महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या शाळेची आहे. फरक एवढाच, की तिथल्या फळ्यावर आपट्यांसारखे आरंभीचे एकही प्रसिद्ध नाव नसते. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो, तेव्हा तिथल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगाराची बिले घेऊन यायचे. शिपायाच्या कर्जाला जामीन तेच आणि लेखनिकाच्या कर्जालाही तेच. एकदा त्यांनी स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज मागितले. घरी कार्य आहे का, म्हणून मी विचारले. मुलींची मुतारी बांधायची होती. वेतनेतर अनुदान आलेले नव्हते आणि आठवीपासूनच्या मुली दुपारी घरी जात, त्या परत येत नसत. मुतारी झाली. कर्ज त्यांनी निवृत्तीच्या आधी फेडले. गावात त्यांचा सत्कार झाला तो मात्र दहावीच्या निकालाबद्दल.

१९७७ च्या कायद्याने आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमांनी खासगी शाळांतल्या शिक्षकांना संरक्षण दिले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याआधी संस्थाचालकाची मर्जी फिरली की हेडमास्तर रस्त्यावर, असे सर्रास चाले. पण ज्येष्ठतेचा नियम आला, आणि त्याबरोबर निवृत्तीला दोन-अडीच वर्षे उरलेला माणूस खुर्चीवर बसू लागला. कारभार समजेपर्यंत त्याच्या निरोपाचा नारळ आणायची वेळ येते. त्यातून ज्येष्ठता यादीवरचा वाद, मान्यतेचा कागद शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पडून राहणे, पटसंख्या घटल्यामुळे संचमान्यतेत पदच उडणे. मग फळ्यावर एक नवा शब्द येतो, 'प्रभारी'. सहीचा अधिकार आणि सगळ्या जबाबदाऱ्या याच्याकडे. पद आणि त्या पदाचा पगार मात्र नाही.

या प्रभारी माणसाचा दिवस पाहावा. शालार्थ प्रणालीत पगाराची बिले, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, आधार जुळत नसलेल्या मुलांच्या याद्या, निवडणूक आली की तिची कामे. लेखनिकाचे पद रिकामे असेल तर हे सारे स्वतःच टंकायचे. बँकेत आम्ही एक नियम पाळत असू. शाखाधिकाऱ्याला रोख मोजायला बसवायचे नाही, कारण तो रोख मोजत बसला तर शाखा कोण पाहणार? शिक्षणखात्याने मुख्याध्यापकाला नेमके रोख मोजायला बसवले आहे. आपटे आज असते तर पोर्टलवरची त्रुटी दुरुस्त करत असते आणि 'अ' अक्षराच्या पुढे त्यांचा कोश गेला नसता.

यासाठी थोर शिक्षणतज्ज्ञांच्या समित्या नकोत. मुख्याध्यापक कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे त्याच्या सेवापुस्तकात तो नोकरीला लागल्या दिवसापासून लिहिलेले असते. पुढच्या माणसाची मान्यता त्याच्या आधी तीन महिने का निघू नये? प्रत्येक हायस्कूलला एक पूर्णवेळ लेखनिक का मिळू नये? वेतनेतर अनुदान वर्षाच्या आरंभी देता येत नाही, असे कोणते अंकगणित आहे?

आणि पालकांनीही एक करावे. जूनमध्ये मुलाचे नाव घालायला जाल तेव्हा इमारत, गणवेश, संगणक कक्ष हे सगळे पाहालच. त्याबरोबर विचारा, मुख्याध्यापक कायम आहेत की प्रभारी? किती वर्षे झाली? स्वतः एखादा तास घेतात का, आणि कोणत्या वर्गावर? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयात मिळाले नाही, तर बाहेर घंटेपाशी बसलेल्या शिपायाला विचारा. त्याला ते नेमके ठाऊक असते.