वितळलेलं पाणी मोजा

पहाटे रेवसला किंवा करंजाला होडी लागली की मासळीबरोबर बर्फाचीही लगबग सुरू होते. चुरलेल्या बर्फाचा थर, त्यावर पापलेटं, पुन्हा बर्फ आणि वर थर्माकोलचं झाकण. विज्ञान प्रदर्शनासाठी उष्णतारोधक पेटी करणाऱ्या रायगडच्या मुलांना याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. कोंडलेली, जागची न हलणारी. भाताचा तूसही अशीच हवा धरून ठेवतो, आणि तो भातगिरणीत सहज मिळतो. १८३३ साली बोस्टनहून निघालेलं बर्फाचं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं, तेव्हा १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढे हा व्यापार वाढला तो अशीच हवा धरून ठेवणाऱ्या लाकडाच्या भुशाच्या भरवशावर.

तूस मात्र खडखडीत वाळलेला हवा. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक सहज वाहते, आणि किनाऱ्यावरची दमट हवा तुसाला ओलसर करतेच.

पुष्कळ मुलांचा वेळ पेटी रंगवण्यात जातो, याचं वाईट वाटतं. खरी गंमत मोजण्यात आहे. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. चार तासांनी पेटीत २५० ग्रॅम पाणी निघालं, तर जवळपास २०,००० कॅलरी आत शिरल्या. मग दुसऱ्या दिवशी तेवढाच बर्फ घ्यावा, फक्त झाकणाची फट कापडाने बुजवावी आणि पाणी पुन्हा मोजावं.