नागपाड्याचा बास्केटबॉल आणि आपल्या मोहल्ल्यातले मैदान

गल्लीतला बास्केटबॉल आता ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला आहे. एकच बास्केट, अर्धे कोर्ट आणि प्रत्येक बाजूला तीन खेळाडू. दहा मिनिटांचा सामना, त्याआधी कुणी २१ गुण केले तर तिथेच निकाल. २०२१ मध्ये टोकियोत हा ‘थ्री बाय थ्री’ प्रकार पहिल्यांदा खेळला गेला आणि पुरुषांचे सुवर्णपदक लाटव्हियाने नेले. या देशाची लोकसंख्या वीस लाखांच्या आत आहे, म्हणजे मुंबईच्या एका कोपऱ्याएवढी! मग आपली पोरं कुठे कमी पडतात?

हा खेळ आपल्याला परका नाही. मुंबईत बास्केटबॉल म्हटले की जुने खेळाडू आजही नागपाड्याचे नाव घेतात. १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने या कामगार वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केले. दाटीवाटीच्या चाळी, छोटी घरे, मुलांना खेळायला जागा नाही. क्रिकेटला मोठे मैदान लागते, बास्केटबॉलचे भागते थोडक्यात. एक चेंडू असला की दहा पोरं खेळतात. म्हणून हा खेळ इथे रुजला. याच मोहल्ल्यातून अब्बास मुंतसिर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पोरांना घडवणाऱ्या उस्ताद बच्चू खान यांचे नाव तर तिथल्या महापालिकेच्या मैदानालाच दिलेले आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेमची गोष्टही अशीच आहे. होल्कम रकर हे तिथल्या सार्वजनिक मैदानावर देखरेखीचे काम करायचे. १९५० मध्ये त्यांनी गरीब काळ्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. खेळाइतकेच त्यांचे लक्ष अभ्यासाकडे असायचे. पोरांचे प्रगतिपुस्तक ते स्वतः बघायचे आणि चांगल्या खेळाडूंना कॉलेजची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून झटायचे. १९६५ मध्ये ते वारले. आज त्यांच्या नावाचे ‘रकर पार्क’ जगभर ओळखले जाते. करीम अब्दुल-जब्बार हेही तिथे खेळले. त्यांनी तरुणपणी इस्लाम स्वीकारला आणि अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये ३८,३८७ गुण केले. हा विक्रम २०२३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

दोन्ही ठिकाणी पैसा नव्हता. होते ते दोनच आधार: उघडे फाटक आणि रोज येऊन उभा राहणारा एक मोठा माणूस.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात शिस्त शिकवून थकतो. उद्यानातल्या बास्केटबॉलला तर पंचही नसतो. फाऊल झाला की खेळाडूनेच सांगायचे, वाद झाला की आपसात मिटवायचा. जिंकलेला संघ कोर्टवर राहतो, हरलेला बाहेर बसून पुन्हा नंबर लावतो. बाप दुकानदार आहे की हमाल, हे तिथे कुणी विचारत नाही. ही तरबियत नाही तर काय आहे?

पण आज शहरांत काय दिसते? मोकळी जागा पार्किंगने भरते किंवा महिनोन्‌महिने मंडपाखाली जाते. दुसरीकडे तासावर भाडे घेणारे टर्फ उभे राहत आहेत. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो खेळतो. बाकीची पोरं नाक्यावर उभी राहतात, नाहीतर मोबाईलमध्ये डोके घालतात. मग जलशात आपण ‘नौजवान बिघडले’ म्हणून भाषणे करतो!

मुलींचा प्रश्न तर याहून मोठा. डोके झाकून खेळायला आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २०१७ मध्येच परवानगी दिली. तो अडथळा गेला, आपल्या मनातला गेला का? प्यारे नबी (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण वाजमध्ये ऐकतो. पण आठवीतली मुलगी चेंडू घेऊन निघाली की आधी चार शेजारी बोलतात, मग घरचे तिला थांबवतात.

उपाय फार खर्चिक नाहीत. ‘थ्री बाय थ्री’च्या कोर्टला १५ बाय ११ मीटर जागा पुरते. एवढे अंगण बऱ्याच उर्दू शाळांकडे आहे. शाळा सुटल्यावर ते दोन तास उघडे ठेवता येईल. मोहल्ला कमिटीने प्रभाग कार्यालयात अर्ज करून उद्यानात बास्केट आणि दिवे मागावेत, आणि काम होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. आठवड्यातले काही दिवस फक्त मुलींसाठी राखावेत, सोबत एखादी शिक्षिका किंवा माजी खेळाडू असावी. अस्रनंतर खेळ, मगरिबला नमाज, मग अभ्यास. एवढे वेळापत्रक बसवणे अवघड नाही.

प्रत्येक मोहल्ल्यात एखादा निवृत्त मास्तर किंवा जुना खेळाडू असतोच. त्याला घरून बोलावून आणा, मैदानाची किल्ली त्याच्या हातात द्या. शिक्षकांनी पोरांची हजेरी आणि मार्क त्याला कळवत राहावे. अल्लाह आपल्याला याची तौफीक देवो, आमीन.