अंधांच्या हाती लेखणी आली. अक्षरे कोण शिकविणार?

बँकेत खाते उघडताना किंवा मोबाइलची जोडणी घेताना ओळख पटविण्यासाठी हल्ली कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवावे लागतात. ज्याला डोळेच नाहीत त्याने काय करावे, असा प्रश्न अ‍ॅसिड हल्ल्याच्या बळी ठरलेल्या काही व्यक्तींनी आणि एका पूर्णतः दृष्टिहीन नागरिकाने सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. त्यावर ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना न्यायालयाने असे म्हटले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. या निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले व ते योग्यच होते. तथापि दारापर्यंत पोहोचणे ही एक गोष्ट आणि आत गेल्यावर आपले म्हणणे आपल्या हाताने लिहिणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही.

वास्तविक तिचे साधन आज अनेक अंध विद्यार्थ्यांच्या खिशात आहे. अ‍ॅपल कंपनीने २०१४ साली आपल्या फोनमध्ये, आणि गूगलने २०२० साली अँड्रॉइड फोनमध्ये, पडद्यावर ब्रेल लिपीत लिहिण्याची सोय अंतर्भूत केली. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे अगत्याचे आहे. फोन आडवा धरून त्याचा पडदा स्वतःकडे नव्हे, तर समोरच्या दिशेला करावयाचा. दोन्ही हातांची तीन-तीन बोटे पडद्यावर येतात व अंगठे फोन सावरून धरतात. ब्रेलमधील प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या निवडीतून होते. डाव्या हाताकडे पहिला, दुसरा, तिसरा ठिपका आणि उजव्या हाताकडे चौथा, पाचवा, सहावा. हवे ते ठिपके एकाच वेळी दाबले की अक्षर उमटते. एक बोट उजवीकडे सरकविले की शब्दांमधील मोकळी जागा पडते. गुळगुळीत काचेवर उंचवटा नसतो हे खरे. पण बोटे कोठे टेकली आहेत हे फोनच ओळखून घेतो, त्यामुळे कळ शोधावी लागत नाही. आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी अशा रीतीने शिक्षककक्षाच्या बाकावर बसून अर्थशास्त्राची टिपणे लिहीत असतो. शेजारी बसलेल्यास त्याची बोटे हलताना दिसतात. शब्द एकही ऐकू येत नाही. या शांततेचे महत्त्व डोळसांना सहसा जाणवत नाही.

ही पद्धत म्हणजे आकाशातून पडलेला शोध नव्हे. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ही लिपी सिद्ध केली. पाटीवर स्टायलसने टोचून लिहिताना कागदाच्या मागून ठिपका उठवावा लागतो, म्हणून उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते. हा खटाटोप वाचविणारी सहा कळांची यंत्रे पुढे आली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पर्किन्स ब्रेलर हे यंत्र अमेरिकेत १९५१ साली बाजारात आले. त्याच वर्षी आपल्या देशात भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. त्यापूर्वी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल संकेतलिपी चालत. भारती ब्रेलने सर्व भारतीय भाषांतील समान उच्चाराच्या अक्षरास एकच चिन्ह दिले. मराठीतील ‘क’ आणि तमिळमधील ‘क’ बोटांना एकच लागतो. भाषावार प्रांतरचनेच्या वादळापूर्वीच देशाने ही एकलिपी शांतपणे मान्य केली, ही गोष्ट आपल्या एकात्मतेच्या व्याख्यानांत कधी येत नाही!

फोनवरील कळफलक याच सहा कळांचा वारस आहे. फरक आहे तो किमतीचा, आणि हा फरक अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ब्रेलचे यंत्र महाग असते ते त्यातील पोलादामुळे नव्हे. त्याचे गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे आराखडा व साचे यांचा स्थिर खर्च थोड्याच नगांवर वाटला जातो. उलट फोन कोट्यवधी डोळस माणसे विकत घेतात. त्यात ब्रेलची सोय एकदा बसविली की पुढच्या प्रत्येक फोनमागे तिचा सीमांत खर्च शून्यवत असतो. अंधांसाठी म्हणून वेगळी वस्तू निर्माण न करता सर्वांच्या वस्तूतच अंधांची सोय केली तर काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यास मला सापडलेले नाही. यात कंपन्यांच्या औदार्याचा भाग किती, हा प्रश्न बाजूस ठेवू. पण ज्या लिपीवर ही सोय उभी आहे ती कोणाच्या मालकीची नाही, हे विसरता कामा नये. ठिपक्यांचे अक्षरांत रूपांतर करणारे लिबलुई हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे; स्वतः अंध व कर्णबधिर असलेल्या जॉन बॉयर यांनी २००२ साली त्याच्या कामास आरंभ केला, आणि त्यात मराठीचाही तक्ता आहे. सार्वजनिक भांडवलावर खासगी इमारत उभी राहिली आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. फोन आता बोललेले लिहून घेतो. गूगलच्या या सोयीत २०१७ साली मराठीही आली. मग ठिपक्यांची उस्तवार कशाला? उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाच्या बाबतीत हा आक्षेप मान्य करावयास हवा. साठाव्या वर्षी नवी लिपी शिका, असे त्याला सांगणे निष्ठुरपणाचे होईल. त्याला वाणीचे साधन हे वरदानच आहे. परंतु शाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी आहे. बोलून लिहावयाचे म्हणजे सर्वांना ऐकवून लिहावयाचे. वसतिगृहातल्या खोलीत घरी लिहावयाचे पत्र, कार्यालयात बसून वरिष्ठाविरुद्ध करावयाची तक्रार, बँकेचा परवलीचा शब्द, यांपैकी काय तो मोठ्याने उच्चारणार? डोळस कारकुनाला आपला अर्ज शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा वाचून दाखवीत लिहावा लागला असता, तर त्याने एव्हाना संघटनेची सभा बोलाविली असती.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा साक्षरतेचा आहे. भारती ब्रेलमध्ये स्वराची मात्रा व्यंजनानंतर स्वतंत्र चिन्हाने लिहितात. ‘मराठी’ हा शब्द म, र, आ, ठ, ई अशा पाच स्पर्शांत होतो. ऱ्हस्व इ म्हणजे दुसरा व चौथा ठिपका, दीर्घ ई म्हणजे तिसरा व पाचवा; दोहोंची बोटेच निराळी. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे भेद लिहिणाराच्या बोटांत उतरलेले असतात. जोडाक्षर लिहिताना पाय मोडल्याची खूण, म्हणजे एकटा चौथा ठिपका, आधी द्यावी लागते. म्हणजे शब्दाची घडण मनाशी ठरवूनच हात उचलावा लागतो. जो विद्यार्थी केवळ ऐकतो आणि बोलतो, त्याचे शुद्धलेखन यंत्र करते, आणि यंत्राने चुकीचा शब्द निवडला तर त्याला तो कळण्याचा मार्ग नसतो, कारण वाचून दाखविताना दोन्ही शब्द कानाला बहुधा सारखेच लागतात. आपण ज्या अक्षरावरून मंद विद्यार्थ्यास हिणवितो त्या ‘ढ’ला भारती ब्रेलमध्ये सहाही ठिपके लागतात, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. असो.

ज्याला आपल्या भाषेतील शब्द कसे लिहितात हे ठाऊक नाही, त्याला आपण डोळसांच्या बाबतीत निरक्षर म्हणतो. अंधांच्या बाबतीत मात्र तो पदवीधर असला म्हणजे आपले समाधान होते. अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेने २००९ साली इशारा दिला होता की, तेथील अंधांपैकी ब्रेल वाचणारे दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. कायद्याने अंध ठरणाऱ्यांत अंशतः दिसणारे पुष्कळ असल्याने या आकड्याविषयी वाद होऊ शकतो. दिशा कोणती याविषयी होऊ शकत नाही. आपल्याकडे तर वाद घालण्यास आकडाही नाही. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक भरली, पण त्यांतील किती जणांना ब्रेल येते हे विचारलेच गेले नाही.

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात त्यांचे हे उदाहरण आहे. चहा फुकट वाटला आणि साखर मिळेनाशी झाली, तर चहाच्या स्वस्ताईचा उपयोग मर्यादित राहतो. फोनवरील ब्रेल कळफलक विनामूल्य आहे. ब्रेलचे ज्ञान विनामूल्य येत नाही. त्यासाठी लहान वयात, रोज, बोट धरून शिकविणारा शिक्षक लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या सतराव्या कलमात ब्रेल जाणणारे शिक्षक प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून पदे निर्माण करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली निर्देशही दिले. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ पासून मुंबईत उभी आहे. तेव्हा ब्रेल शिकविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पण अंध मुले आता सर्वसाधारण शाळांत जातात, आणि तसे व्हावयासच हवे. अडचण अशी की तालुक्याच्या शाळेत बसलेल्या एकट्या अंध मुलापर्यंत विशेष शिक्षक पोहोचतो तो फेरीने. अधल्यामधल्या दिवशी त्याला सोपे काय, तर फोनवर पाठ ऐकणे. मुख्याध्यापकांनाही त्यात समाधान, पालकांनाही. बोलका फोन ब्रेलच्या शिक्षकाची जागा भरून काढीत नाही. ती रिकामी आहे हे मात्र तो झाकून टाकतो.

वाचनाची बाजूही विसरून चालणार नाही. फोनवर ब्रेल लिहिता येते. काचेवर ते वाचता येत नाही. ठिपके वर-खाली होणारे वाचनयंत्र साध्या फोनच्या कित्येक पट महाग पडते. म्हणून छापील ब्रेलची गरज संपलेली नाही. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक याच गरजेतून निघाले. एका छापील क्रमिक पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात, त्यांची छपाई व वाहतूक खर्चाची असते, हे सारे खरे. पण ज्याने कधी बोटांनी पान वाचलेले नाही, तो काचेवर ठिपके दाबण्यास कशाच्या बळावर शिकणार?

आता आपल्या संस्थांकडे वळू. परीक्षार्थीस ब्रेल, संगणक इत्यादींपैकी उत्तर देण्याचे माध्यम निवडता आले पाहिजे, असे केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. प्रत्यक्षात बहुतेक केंद्रांवर अंध परीक्षार्थीच्या वाट्यास येतो तो लेखनिक. वर्षभर स्वतःच्या बोटांनी लिहिणारा विद्यार्थी मार्चमध्ये आपल्याहून खालच्या इयत्तेतील मुलाला ‘मागणीची लवचिकता’ हे शब्द अक्षरशः फोडून सांगत बसतो. परीक्षागृहात फोन नको, हे शिक्षक म्हणून मलाही मान्य आहे. परंतु जोडणी तोडलेला, फक्त ब्रेल कळफलक ठेवलेला, केंद्राच्याच ताब्यातील एखादा फोन किंवा टॅब्लेट देण्यास तांत्रिक अडचण कोणती? विद्यापीठांनी निदान सत्रांत परीक्षांत हा प्रयोग करून पाहावयास हरकत नसावी.

बँकांचे वर्तन तर अधिकच चमत्कारिक आहे. रिझर्व्ह बँकेने अंधांना नोट ओळखता यावी म्हणून १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ हे अ‍ॅप काढले, ही स्तुत्य गोष्ट. पण पैसे पाठविताना गुप्त क्रमांक टाकण्यासाठी जो आकड्यांचा तक्ता पडद्यावर येतो तो पैसे पाठविण्याच्या यंत्रणेचा स्वतःचा असतो. फोनचा ब्रेल कळफलक तेथे उघडतच नाही. ग्राहकास एकेक आकडा चाचपडत, कानाशी फोन धरून शोधावा लागतो, आणि तोही रांगेत मागे चार माणसे उभी असताना. सुरक्षिततेसाठी हा तक्ता वेगळा ठेवावा लागतो, असे स्पष्टीकरण कोणी देईल. मग त्याच तक्त्यात सहा ठिपक्यांची सोय करण्यास आडकाठी कोणाची आहे, हे बँकांनी आणि त्यांच्या नियामकांनी सांगावे. ३० एप्रिलच्या निर्णयानंतर हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्राहकाला निश्चितच आहे, आणि तो विचारण्यासाठी लिहावयाचा अर्ज त्याला स्वतःच्या बोटांनी लिहिता येतो.