उपनेता निवडावा कसा?

'उप' हा उपसर्ग मोठा अर्थवाही आहे. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणें. उपनिषद् म्हणजे जवळ बसणें. त्याच न्यायानें उपनेता म्हणजे नेत्याच्या जवळचा. परंतु राजकारणांत जवळ बसणाऱ्याची दृष्टि पुष्कळदां आसनावरच असते. म्हणून उपनेता निवडणें पुढारी मंडळींस नेहमींच अवघड वाटत आलें आहे.

मार्च १९६१ मध्यें गोविंद वल्लभ पंत निवर्तले आणि काँग्रेसच्या संसदीय पक्षाचें उपनेतेपद रिकामें झालें. मोरारजी देसाई व जगजीवनराम हे दोघे तोलाचे पुरुष पुढें होते. मतदान झालें असतें, तर नेहरूंच्या मागून कोण, याचाच तो कौल ठरता. नेहरूंनीं एका पदाचीं दोन पदें केलीं, एक लोकसभेकरितां व दुसरें राज्यसभेकरितां. आणि दोघेही प्रतिस्पर्धी बाजूस राहिले. लढत टळली, प्रश्न मात्र तसाच राहिला.

दुसरें उदाहरण आम्हां नाटेकरांस अधिक जिव्हाळ्याचें आहे. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वीं आमचें गांव राजापूर लोकसभा मतदारसंघांत असे. त्या मतदारसंघानें १९५७ पासून बॅ. नाथ पै यांस व १९७१ पासून प्रा. मधु दंडवते यांस दिल्लीस पाठविलें. १ डिसेंबर १९८९ रोजीं जनता दलाचे खासदार नेता निवडण्यासाठीं संसदेच्या मध्यवर्ती सभागृहांत जमले, तेव्हां निवडणूक चालविण्याचें काम आमच्या दंडवत्यांकडेच होतें.

विश्वनाथ प्रताप सिंहांनीं देवीलालांचें नांव सुचविलें. चंद्रशेखरांनीं अनुमोदन दिलें. देवीलाल निवडून आल्याचें जाहीर झालें. तोंच देवीलाल उठले, आपण 'ताऊ' म्हणूनच बरे आहों असें सांगून त्यांनीं सिंहांचें नांव पुढें केलें. अजित सिंहांनीं अनुमोदन दिलें आणि पाहतां पाहतां नेता बदलला. चंद्रशेखर संतापून निघून गेले. दुसऱ्या दिवशीं सिंह पंतप्रधान झाले व देवीलाल उपपंतप्रधान.

आतां वाचकांनींच विचार करावा. सूचना, अनुमोदन, घोषणा, यांपैकीं विधीचें एकही अंग चुकलें नाहीं. तरीही ज्यानें अनुमोदन दिलें, त्यालाच आपण फसलों असें वाटलें. दुय्यम पदाची गोष्ट तर मतास पडलीच नाहीं. उपपंतप्रधान हें पद राज्यघटनेंत नाहीं. देवीलालांनीं शपथेंत तो शब्द उच्चारल्यावरून वाद न्यायालयांत गेला आणि ते इतर मंत्र्यांसारखेच एक मंत्री, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९० मध्यें मानलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें देवीलालांस मंत्रिमंडळांतून काढण्यांत आलें. ७ नोव्हेंबरला सरकार पडलें. थोड्याच दिवसांत चंद्रशेखर पंतप्रधान व देवीलाल पुन्हां उपपंतप्रधान! सरकार पडण्यास मंडल व अयोध्या हीं कारणें होतींच. पण पक्ष दुभंगला तो पहिल्या दिवशीं पडलेल्या भेगेवरच, असें मला वाटतें.

दंडवत्यांच्या सचोटीविषयीं या किनाऱ्यावर त्यांच्या विरोधकांनींही शंका घेतली नाहीं, मीही घेत नाहीं. मनाला लागतें तें निराळेंच. इतका सरळ मनुष्य अधिकारपदावर असूनही जें आधींच बाहेर ठरलें होतें, तें निवडणुकीचें रूप घेऊन आंत आलें. केवळ अध्यक्ष सज्जन असून भागत नाहीं. 'आणखी कोणाचें नांव आहे काय?' हा प्रश्न विचारून क्षणभर खरोखर थांबावें लागतें. चिठ्ठी टाकून गुप्त मत घेतलें, तर हरणाऱ्यासही आपण कितीजणांस नको होतों हें कळतें, व तो घरांत राहतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें सांगावयास नकोच. थोरल्यामागें कारभार कोणीं पाहावा, हें ओसरीवर सर्वांसमक्ष ठरलें, तर धाकटा कुरकुरतो, पण पंक्तीस येतो. ओसरीवर एक व माजघरांत दुसरें ठरलें, कीं वर्षाच्या आंत चूल वेगळी होते.