काळी सिगार, शंभरपैकी गुण आणि आपल्या मालाची प्रत



सिगार म्हटलं की आपल्याला सिनेमातला शेठ आठवतो. पण महागड्या काळ्या सिगारला गुण कसे देतात, ते जरा शेतकऱ्याच्या नजरेनं बघा. त्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

आधीच सांगतो, ही ओढायची शिफारस नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. तरीही तोंडाचा, घशाचा कॅन्सर होतोच. विषय आहे तो मालाची पारख करण्याचा.

सिगारमध्ये पानाचे तीन थर असतात. आत भरणीचं पान, त्याला आवळून धरणारं मधलं पान आणि वरचं वेष्टन. काळ्या वेष्टनाला ‘मादुरो’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘पिकलेलं’. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यातलं ब्रॉडलीफ आणि मेक्सिकोतल्या सान आंद्रेस खोऱ्यातलं पान यासाठी नावाजलेलं. पान जाड लागतं, कारण पुढची उष्णता पातळ पानाला सोसत नाही.

वाळलेल्या पानांच्या मोठ्या थप्प्या रचतात. शेणखताचा ढीग जसा आतून तापतो, तशी ही थप्पी तापते. फार तापली की मोडायची, आतलं पान बाहेर, बाहेरचं आत करायचं, पुन्हा रचायची. यात अमोनियाचा उग्र वास निघून जातो, कडवटपणा उतरतो, रंग गडद होतो. मादुरोला हे जास्त दिवस आणि जास्त उष्णतेत चालतं. नंतर पान मुरायला ठेवतात, तेही महिने नाही, वर्षं.

आता एक गैरसमज. काळी म्हणजे कडक, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. रंग वेष्टनाचा, कडकपणा मुख्यतः भरणीचा. झाडाच्या शेंड्याकडच्या पानाला ऊन जास्त मिळतं, ते जाड आणि जहाल होतं. त्याला ‘लिगेरो’ म्हणतात. ते सावकाश जळतं म्हणून मधोमध ठेवतात. शेंडा खुडला, फुटवे काढले की ताकद पानात उतरते, हे तंबाखूवाल्याला वेगळं सांगायला नको. आणि काही ठिकाणी पान शिजवून किंवा रंग देऊनही काळं करतात. आपल्याकडं गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा म्हणून हायड्रॉस पावडर घालतात, तसलाच प्रकार. रंगाला भाव दिला की रंगच विकायला येतो.

म्हणून जाणकार रंगावर थांबत नाही. पेटवण्याआधी बोटांनी दाबून बघतो, कुठं पोकळ, कुठं गच्च. टोक कापून नुसती हवा ओढून बघतो. पेटवल्यावर जाळ सगळीकडून सारखा चालतो का, राख टिकते का, ते पाहतो. मग चव. चांगल्या मादुरोत सुरुवातीला काळी मिरी, मग कॉफी, कडू चॉकलेट, काकवीसारखा गोडवा, ओल्या मातीचा वास असं सांगतात. शेवटच्या तिसऱ्या भागात कडकपणा वाढतो. तिथंही चव फाटली नाही तर माल खरा.

१९९२ साली अमेरिकेत ‘सिगार अफिशिनाडो’ नावाचं मासिक निघालं. ते शंभरपैकी गुण देतं. दिसणं आणि बांधणी, जळणं, चव आणि एकूण मत, असं मोजमाप. ९० च्या वर गेली की उत्तम. आणि मुख्य गोष्ट, चाखणाऱ्याला सिगार देताना तिच्यावरची कंपनीची पट्टी काढलेली असते. माल कुणाचा ते त्याला कळत नाही.

मला पटलेली गोष्ट हीच. चवीचं मत शेवटी माणसाचंच, एकाला गोड लागेल ते दुसऱ्याला नाही. ९१ आणि ९२ मधला फरक मला तरी फार खरा वाटत नाही. पण मोजमाप लिहिलेलं आहे, सगळ्यांना सारखं आहे, आणि नाव झाकलेलं आहे.

आपल्याकडं काय होतं? व्यापारी येतो, मूठभर माल हातात घेतो, चोळतो, हुंगतो आणि आकडा सांगतो. त्याची पारख खोटी असते असं नाही, बऱ्याच जणांचं नाक पक्कं असतं. पण कारण विचारलं तर “यंदा माल हलका हाय” एवढंच उत्तर. कशात हलका? ओल जास्त, पान पातळ, की वासात कमी? ते कळलं तर पुढच्या वर्षी काही सुधारता येईल. नुसता कमी भाव मिळून शेतकरी काय शिकणार?

१९८१ साली निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले. गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. मागणी भावाची होती. आणि प्रत ठरवायचा अधिकार एकाच बाजूकडं असला, तर भाव ठरवायचा अधिकारही आपोआप त्याच बाजूकडं जातो.

तंबाखूचं पीक पुढं किती दिवस राहील, राहावं का, हा वेगळा वाद आहे. माझं म्हणणं सगळ्याच मालाबद्दल आहे. गूळ घ्या, हळद घ्या, बेदाणा घ्या. प्रत ठरवताना शेतकऱ्याचं नाव झाका, मुद्दे लिहून ठेवा, प्रत्येक मुद्द्याला गुण द्या आणि तो कागद शेतकऱ्याच्या हातात द्या. कमी गुण मिळाले तरी चालतील, पण कुठं कमी पडले ते कळू दे.

धूर होऊन जाणाऱ्या वस्तूची एवढी बारकाईनं पारख होते. आपला माल तर लोकांच्या पोटात जातो.

तुमच्याकडं प्रत कशी ठरवतात? पीक आणि गावासकट खाली लिहा.